होमबिल्ट विमानात इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत आपोआप कसं जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये स्वतःचं विमान बांधणारा माणूस पंख, इंजिन, रंग यांवर तासन्‌तास बोलतो. इंधनाच्या नळ्यांचा विषय निघाला की मात्र आराखड्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. खालचे प्रश्न त्या आराखड्याच्या पलीकडचे आहेत. आकडे लिटरमध्ये दिले आहेत. उदाहरणासाठी रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचं इंजिन धरलं आहे, कारण हलक्या होमबिल्ट विमानांत ते सर्रास दिसतं.

ही यंत्रणा नेमकी करते काय?

आपल्या सोसायट्यांमध्ये जमिनीखाली मोठी टाकी असते आणि गच्चीवर छोटी. पंप पाणी वर चढवतो, नळाला पाणी येतं ते गच्चीवरून उताराने. गच्चीवरची टाकी उतरली की पंप आपोआप सुरू होतो, भरली की बंद. छोट्या विमानात हीच मांडणी इंधनाची. मोठी टाकी पंखांत किंवा सीटखाली, आणि इंजिनाच्या जवळ, कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर एक छोटी टाकी. या छोटीला हेडर टाकी म्हणतात. इंजिन पितं ते फक्त हेडरमधून. मोठ्या टाकीतलं इंधन हेडरमध्ये आणून टाकायचं, वेळच्या वेळी आणि न सांडता, एवढंच या यंत्रणेचं काम.

मग पंखातून थेट इंजिनाला का देत नाहीत?

देतात की. वर पंख असलेल्या विमानात इंधन आपल्या वजनाने खाली येतं. पेट्रोलचा एक मीटर उंचीचा स्तंभ साधारण एक पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) दाब देतो आणि साध्या कार्ब्युरेटरला तेवढा पुरतो. पंख खाली असले की मात्र पंपाशिवाय गत्यंतर नाही. तो पंप बंद पडला की इंजिनही बंद. मध्ये हेडर असला तर पंप बंद पडल्यावर इंजिन लगेच थांबत नाही, हातात काही मिनिटं राहतात.

वर पंख असलेल्या विमानांतही हेडर असतो, पण वेगळ्या कारणाने. विमान तिरकं घसरवत उतरवताना किंवा नाक खाली करून लांबवर येताना पंखाच्या टाकीतलं इंधन एका कडेला जातं, तोंड उघडं पडतं आणि नळीत हवा शिरते. किटफॉक्ससारख्या विमानात सीटच्या मागे छोटा हेडर असतो तो यासाठी. तिथे पंप लागत नाही. दोन्ही पंखांतून इंधन उताराने हेडरमध्ये येतं आणि त्यातली हवा वेगळ्या नळीने परत पंखाच्या टाकीत जाते. सगळं आपोआपच, पण विजेचा एक तारही न वापरता.

पंपाने भरला जाणारा हेडर कुठल्या विमानांत सापडतो?

ठळक उदाहरण क्विकी क्यू-२ आणि तिच्यासारखीच दिसणारी ड्रॅगनफ्लाय. मोठी टाकी सीटखाली, विमानाच्या पोटात. हेडर पुढे, पॅनेलच्या आसपास. छोटा विजेचा पंप इंधन पुढे चढवतो आणि जास्तीचं परत मागे येतं. केआर-२ बांधणाऱ्यांपैकी काहींनी लांब पल्ल्यासाठी पंखांत टाक्या बसवल्या आणि त्या मूळच्या पुढच्या टाकीत रिकाम्या होतील अशी सोय केली. सोनेक्समध्ये मात्र एकच टाकी पुढे असते. तिथे या सगळ्याची गरजच नाही, आणि हा तिचा मोठा गुण आहे.

आपोआप म्हणजे किती आपोआप?

सर्वांत साधी पद्धत अशी: पंप सतत चालू. तो हेडर भरतच राहतो आणि वरचं इंधन जाड नळीने परत मोठ्या टाकीत सांडतं. यात स्विच नाही, सेन्सर नाही, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नाही. मला विचाराल तर पहिलंच विमान बांधणाऱ्याने हीच पद्धत घ्यावी.

दुसऱ्या पद्धतीत हेडरमध्ये दोन फ्लोट स्विच (इंधनावर तरंगणाऱ्या गोळ्याने चालणारे स्विच) असतात, एक खाली, एक वर. खालचा लागला की पंप सुरू, वरचा लागला की बंद. तिसरी पद्धत मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आर्डुइनोसारख्या छोट्या संगणक-पट्टीची. तिच्याविषयी पुढे बोलू.

काही जण एकच फ्लोट लावतात. असा स्विच इंधनाच्या प्रत्येक हिंदकळण्याला चालू-बंद होत राहतो आणि रिलेचे संपर्क जळतात. दोन पातळ्यांमध्ये अंतर हवंच.

सतत चालणाऱ्या पंपाच्या पद्धतीत धोका कुठे आहे?

परतीच्या नळीत. ही नळी भरणाऱ्या नळीपेक्षा जाड हवी आणि तिला पूर्ण लांबीत उतार हवा. मध्ये कुठे खोलगट वळण राहिलं की तिथे इंधन साचतं आणि हवेची वाट बंद होते. नळी घडी पडून मिटली किंवा बांधकामातला फायबरचा भुसा अडकून तुंबली तर पंपाचा सगळा दाब हेडरवर येतो.

तो दाब किती? छोटे विजेचे पंप चार ते सात पीएसआय देतात. पाच धरू. हेडरची एक भिंत ३० बाय ४० सेंटीमीटर असेल तर तिच्यावर चारशे किलोपेक्षा जास्त जोर येतो. घरी बांधलेल्या फायबरग्लासच्या टाकीची शिवण हे सहन करेल अशी आशा धरू नका, विशेषतः ती टाकी तुमच्या गुडघ्यांच्या वर असताना. म्हणून परतीची नळी आणि व्हेंट (टाकीत हवा ये-जा करण्याची नळी) वेगवेगळे ठेवायचे, एक तुंबला तर दुसरा मोकळा राहावा.

दोन फ्लोटच्या पद्धतीचे आकडे कसे ठरवायचे?

एक उदाहरण घेऊ. हेडर १८ लिटरचा. वरचा फ्लोट १५ लिटरवर, खालचा १२ लिटरवर. क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवर एकसारख्या वेगाने जाताना, आपलं इंजिन तासाला १८.५ लिटरच्या आसपास पितं, टेकऑफच्या पूर्ण ताकदीवर २७. पंप विमानात बसवल्यावर तासाला ९० लिटर देतो असं मोजून ठरलं आहे. (डब्यावरचा आकडा वापरू नका. नळ्या, फिल्टर आणि चढ यांत बराच जातो.)

तर १५ वरून १२ लिटरवर यायला क्रूझमध्ये जवळजवळ दहा मिनिटं लागतात. मग पंप सुरू होतो. तो ९० देतो, इंजिन १८.५ नेतं, म्हणजे हेडरमध्ये तासाला साधारण ७१ लिटरची भर. तीन लिटर भरायला अडीच मिनिटं. दहा मिनिटं शांतता, अडीच मिनिटं पंप, पुन्हा दहा मिनिटं शांतता, असा हा ताल आहे. पूर्ण ताकदीवरही पंप तीन मिनिटांत आपलं काम उरकतो.

हा ताल माहीत असला की बिघाड ओळखणं सोपं जातं. पंप सलग पाच मिनिटं चालूच राहिला तर काहीतरी नक्की बिघडलं आहे: मोठी टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला, नळी सुटलेली किंवा वरचा फ्लोट अडकलेला. पाच मिनिटांच्या टायमरवर एक लाल दिवा जोडा. तो लागेल तेव्हा, इंधन येतच नसलं तरी, हेडरमध्ये साडेदहा लिटर असतील. तळाचं अर्धा लिटर निरुपयोगी धरलं तरी क्रूझमध्ये अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त वेळ हातात आहे.

एवढं सगळं करण्यापेक्षा हाताने स्विच दाबलेला बरा नाही का?

हा प्रश्न जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. १९८६ च्या डिसेंबरात डिक रुटान आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमान न थांबता, मध्ये इंधन न भरता पृथ्वीभोवती नेलं. त्यात १७ टाक्या होत्या आणि नऊ दिवस त्या दोघांनी झडपा आणि पंप हाताने चालवून इंधन हलवलं, कागदावर हिशेब ठेवत. तरीही शेवटच्या टप्प्यात इंधनाचा पुरवठा तुटून मागचं इंजिन बंद पडलं आणि पुढचं सुरू होईपर्यंत विमानाने बरीच उंची गमावली. तेही दोन माणसं असताना, एक उडवतोय आणि दुसरा हिशेब बघतोय.

एकट्या पायलटचं चित्र वेगळं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाँग-ईझी विमानात मृत्युमुखी पडले. ते विमान दुसऱ्याने बांधलं होतं, डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. आराखड्यात टाकी बदलण्याचा खटका पायलटच्या पायांच्या मध्ये, पुढे असतो. बांधणाऱ्याने कॉकपिटमध्ये इंधनाची नळी नको म्हणून तो डाव्या खांद्याच्या मागे नेला होता. त्याला हात लावायचा तर वळावं लागे. तो फिरवण्याच्या प्रयत्नात उजवं रडर (शेपटीचं सुकाणू हलवणारं पायाचं पेडल) दाबलं गेलं आणि विमानाचा ताबा सुटला, असं अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने नोंदवलं. खटक्यावर खुणा नव्हत्या, इंधनाच्या गेजवरही नव्हत्या.

त्यामुळे प्रश्न स्वयंचलित की हाताने असा मांडू नये. ऐन गडबडीत पायलटला किती वळावं लागतं, किती आठवावं लागतं, हे बघावं. हाताचा स्विच ठेवायचाच असेल तर तो नजरेसमोर ठेवा. आणि हेडर अर्ध्याच्या वर असतानाच भरायला सुरुवात करा. पंप मेला असेल तर ते तेव्हाच कळेल, उरलेल्या अर्ध्या हेडरवर उतरता येईल.

मग स्वयंचलित यंत्रणेचा तोटा काय?

ती गप्प राहते. हेडरचा काटा तासन्‌तास भरलेला दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. खरं इंधन मोठ्या टाकीत आहे आणि ते संपत आलं आहे, हे हेडर सांगत नाही. हेडरला गळती असली तरी यंत्रणा इमानेइतबारे तिथेच भरत राहते.

हे मोठ्या विमानांतही घडलेलं आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटची फ्लाइट २३६, एक एअरबस ए-३३०, अटलांटिकवर होती. उजव्या इंजिनाजवळची इंधनाची नळी घासून फुटली होती. शेपटीतल्या टाकीतलं इंधन आपोआप पुढे येऊन उजव्या पंखात पडत राहिलं, त्यामुळे दोन पंखांतल्या असमतोलाचा इशारा उशिरा उमटला. इशारा आल्यावर वैमानिकांनी दोन्ही बाजू जोडणारी झडप उघडली आणि चांगल्या पंखातलं इंधनही गळतीच्या दिशेने गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडून ते विमान अझोर्स बेटांवर घरंगळत उतरलं. आतले ३०६ जण वाचले.

आपल्या छोट्या विमानासाठी यातून एक नियम काढता येतो. इंधन हलवणारी यंत्रणा आणि इंधन मोजणारी यंत्रणा एकमेकींपासून वेगळ्या ठेवा. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर फ्लो-मीटर असेल तर त्याने मोजलेली बेरीज आणि मोठ्या टाकीचा काटा दर अर्ध्या तासाने ताडून बघा. फरक पडला तर उतरा. कारण जमिनीवर शोधा.

पॅनेलवर किती दिवे हवेत?

तीन पुरतात. हिरवा: पंपाला वीज जाते आहे. लाल: पंप पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला आहे. दुसरा लाल: हेडर नऊ लिटरच्या खाली आला आहे.

हा तिसरा दिवा वेगळ्या सेन्सरवर हवा, फ्लोट स्विचच्या साखळीतून काढलेला नको. फ्लोट अडकला म्हणून हेडर रिकामा होत असेल तर त्याच फ्लोटला इशारा द्यायला सांगून काय उपयोग? प्रकाशावर चालणारे छोटे सेन्सर मिळतात, त्यात हलणारा भाग नसतो. नऊ लिटरवर तो लागला तर क्रूझमध्ये साधारण २७ मिनिटं आहेत. हा आकडा दिव्याशेजारीच चिकटवून ठेवा. आणि दिवे उन्हात दिसतात का, ते भर दुपारी बघा, गॅरेजमध्ये नव्हे.

वायरिंगमध्ये लोक कुठे चुकतात?

फ्लोट स्विचमधून पंपाचा सगळा प्रवाह नेतात, ही पहिली चूक. टाकीतल्या फ्लोटमध्ये बहुधा रीड स्विच असतो, काचेच्या नळीतले दोन नाजूक पत्रे. पंपाच्या प्रवाहाने ते चिकटून बसतात. टाकीतल्या स्विचने फक्त बाहेरचा रिले चालवायचा आणि रिलेने पंप. रिलेच्या गुंडाळीवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा. नाहीतर गुंडाळी सुटताना उसळणारा विजेचा झटका त्याच रीड स्विचला खातो.

दुसरं म्हणजे, स्विच तीन जागांचा घ्या: ऑटो, बंद, चालू. ‘चालू’ची वायर रिले आणि फ्लोट यांना वळसा घालून थेट पंपाला जावी, तिचा फ्यूजही वेगळा असावा. मग स्वयंचलित भाग पूर्ण मेला तरी पायलटच्या हाताखाली पंप राहतो. वायर तुटली तर काय व्हावं, पंप चालू राहावा की थांबावा? जास्तीचं इंधन मोठ्या टाकीत परत नेणारी नळी असेल तर चालू राहिलेला बरा. नसेल तर तो व्हेंटमधून इंधन बाहेर ओतत राहील, तेव्हा थांबलेला बरा. म्हणूनच दोन फ्लोट असले तरी परतीची नळी ठेवावी असं माझं मत आहे. ती वजनाने काहीशे ग्रॅम, पण एक अख्खा प्रश्न मिटवते.

वीज पूर्ण गेली तर?

हेडर कार्ब्युरेटरपेक्षा उंच असेल तर इंजिन चालत राहतं आणि हेडरमधल्या इंधनाएवढा वेळ मिळतो. हेडर खाली असेल आणि पुढेही विजेचाच पंप असेल तर हेडर ठेवण्याचा अर्धा फायदा गेला.

इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या नियमांत दिवसा दृश्य-नियमांनुसार (बाहेर नजरेने बघत) उडताना पोहोचल्यावर ३० मिनिटांचं इंधन शिल्लक राहील असा बेत करावा लागतो, रात्री ४५. पण ते शिल्लक इंधन मोठ्या टाकीत असेल आणि पंप चालत नसेल तर ते कागदावरच आहे. म्हणून मार्ग आखताना दर टप्प्यावर ‘फक्त हेडरवर कुठे पोहोचता येईल?’ हेही बघून ठेवा.

पंप कुठे बसवायचा?

टाकीच्या जवळ, शक्य तितका खाली. पंपाला इंधन ढकलायला आवडतं, ओढायला नाही. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि गरम दिवसात पेट्रोलची वाफ होते. मग पंप वाफच ढवळत बसतो. इंजिनाच्या कप्प्यात, एक्झॉस्टच्या शेजारी ठेवलेला पंप मे महिन्यात हमखास हे करतो.

फॅसेट कंपनीचे चौकोनी टिकटिकणारे पंप होमबिल्टमध्ये फार चालतात. इंजिन सुरू करण्याआधी मास्टर स्विच टाकून त्यांचा आवाज ऐका. इंधन ओढताना टिकटिक संथ आणि जड असते, कोरडा चालताना भरभर आणि पोकळ. हवेत हेडसेट लावल्यावर हा आवाज येत नाही. पंपाच्या आधी जाळी हवी आणि त्याच्या पुढे एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे पंप थांबल्यावर हेडरमधलं इंधन सायफनने परत मागे जाणार नाही. भरणारी नळी हेडरच्या वरच्या बाजूने आत आणली तर सायफनची भीती आणखी कमी होते.

पंखांत दोन टाक्या आहेत. दोन्ही एका ‘टी’ला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडून एकच पंप लावला तर?

नको. हे वाचणाऱ्यांपैकी जे कोणी असं करायच्या बेतात असतील त्यांनी इथे थांबावं.

दोन टाक्या कधीच बरोबर रिकाम्या होत नाहीत. एक आधी संपते. त्या क्षणी पंपासमोर दोन वाटा असतात: एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला हवा. हवा ओढणं सोपं, म्हणून पंप हवाच ओढतो. दुसऱ्या पंखात वीस लिटर शिल्लक असतील, तरी हेडरमध्ये एक थेंब येत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं: पंप चालू आहे, काटा इंधन दाखवतो आहे.

उपाय दोनच. प्रत्येक टाकीला स्वतःचा पंप आणि स्वतःची एकदिशा झडप, किंवा मध्ये डावी-उजवी निवडणारा खटका. पहिला महाग, पण स्वयंचलित यंत्रणेला तोच शोभतो. दोन पंप असले की एक बिघडला तरी अर्धं इंधन हाताशी राहतं.

एक टाकी दुसरीपेक्षा लवकर उतरते. पंप तर सारखेच आहेत.

आधी व्हेंट बघा. १५० किमी वेगाने समोरून येणारी हवा व्हेंटच्या तोंडावर जो दाब देते, तो पेट्रोलच्या सुमारे १५ सेंटीमीटर उंचीइतका असतो. एका बाजूचं व्हेंट जरा वाकडं असलं, त्यातला दहावा हिस्सा जरी कमी मिळाला, तरी दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. उताराने भरणाऱ्या यंत्रणेत एवढा फरक एका टाकीला मागे ठेवायला पुरतो. दोन्ही व्हेंट एकाच साच्यावर वाकवा.

व्हेंटचा दुसरा शत्रू कुंभारमाशी. उभ्या विमानाच्या व्हेंटमध्ये ती चिखलाचं घर करते. बाहेरून भोक दिसतं, आत दोन इंचांवर मातीचा बूच. टाकीत हवा शिरत नाही, इंधन बाहेर पडत नाही आणि पातळ टाकी आत चेपते. व्हेंटवर बारीक जाळी लावा आणि विमान उभं करताना लाल फितीचं झाकण घाला. झाकण काढायला विसरणं हा वेगळाच प्रकार आहे, म्हणून फीत लांब हवी.

इंजेक्शनच्या इंजिनाला हेडर चालतो का?

चालतो, पण ते इंजिन जितकं पितं त्याच्या कितीतरी पट इंधन फिरवून परत पाठवतं. ते जिथून आलं तिथेच, म्हणजे हेडरमध्ये परत यायला हवं. ते दुसऱ्या टाकीत सोडलं तर हेडर भराभर उतरेल आणि ती टाकी व्हेंटमधून सांडेल. परत येणारं इंधन गरम असतं, छोटा हेडर हळूहळू तापतो. इंजेक्शनसाठी हेडर फार छोटा घेऊ नये.

गाडीचं पेट्रोल वापरलं तर यंत्रणेवर काय परिणाम?

रोटॅक्सला गाडीचं पेट्रोल चालतं, प्रश्न त्यातल्या इथेनॉलचा आहे. इथेनॉल काही रबर फुगवतं, काही रेझिन आणि टाकीच्या आत फासलेले जुने सीलंट मऊ करतं. त्याचे पापुद्रे सुटून पहिले अडकतात ते पंपाच्या जाळीत आणि फ्लोटच्या दांड्यावर. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. भारतात पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि अ‍ॅव्हगॅस (विमानांसाठीचं खास पेट्रोल) मोजक्याच विमानतळांवर, त्यामुळे इथे बांधणाऱ्याने टाकीचं रेझिन निवडण्याआधीच हा विचार करावा. रेझिनचा एक तुकडा आणि एक फ्लोट तुमच्याच पेट्रोलच्या बरणीत महिनाभर बुडवून ठेवा. यापेक्षा स्वस्त परीक्षा नाही.

आर्डुइनोने चालवू का?

चालवा, पण देखरेखीसाठी. पंपाचे ताल मोजणं, किती लिटर हलले ते लिहून ठेवणं, दिवा लावणं, हे त्याने छान करावं. पंप चालू-बंद करण्याचा शेवटचा अधिकार दोन फ्लोट आणि एका रिलेकडे असू द्या. पन्नास रुपयांचा रिले का अडकला हे कुठल्याही धावपट्टीच्या कडेला टेस्टरने दहा मिनिटांत सापडतं. पाच वर्षांपूर्वी आपणच लिहिलेला प्रोग्राम का अडकला, हे घरी बसूनही सापडत नाही.

जमिनीवर काय तपासायचं?

प्रवाह, आणि तोही नाक वर करून. चढताना इंजिन सर्वांत जास्त पितं आणि नळ्यांचा उतार सर्वांत कमी असतो. पुढचं चाक फळीवर चढवा किंवा शेपटीचं चाक खड्ड्यात उतरवा, तुमच्या विमानाचा सर्वांत खडा चढ साधला पाहिजे. कार्ब्युरेटरची नळी सोडवून मापाच्या भांड्यात घ्या. प्रमाणित विमानांसाठीचा जुना दंडक आजही उपयोगी आहे: उताराने येणारं इंधन इंजिनाच्या टेकऑफच्या गरजेच्या १५० टक्के, पंपाने येणारं १२५ टक्के. आपल्या इंजिनासाठी उताराने तासाला साडेचाळीस लिटर, म्हणजे दहा मिनिटांत पावणेसात. हेडर तळाशी आलेला असताना मोजा, भरलेला असताना सगळेच पास होतात.

मग बिघाड मुद्दाम घडवा. फ्लोटची वायर काढा. परतीची नळी चिमट्याने दाबा, पण दाब दाखवणारं गेज लावूनच. मोठी टाकी रिकामी करून पंप चालू ठेवा आणि लाल दिवा पाच मिनिटांनी लागतो का ते घड्याळ लावून बघा. शेजारी अग्निशामक ठेवा, विमानाला अर्थिंग करा, शेडची दारं उघडी ठेवा.

नळ्यांचे जोड तपासताना एक बघाच. विमानाच्या फिटिंगचा उतार ३७ अंशांचा असतो, गाडीच्या दुकानातल्या फ्लेअरिंग अवजाराचा ४५. दोन्ही एकमेकांवर बसतात, घट्टही होतात, आणि काही तासांनी पाझरतात.

एनटीएसबीने २०१२ मध्ये होमबिल्ट विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यानंतर उड्डाणाचं प्रमाणपत्र देण्याआधी इंधन यंत्रणेची चाचणी करून तिचा अहवाल मागावा, अशी शिफारस संस्थेने एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाला केली. तुमच्याकडे कुणी मागो न मागो, तो कागद बनवून विमानाच्या फायलीत लावा.

पहिल्या उड्डाणात यंत्रणा ऑटोवर ठेवायची का?

नाही. पहिली उड्डाणं भरलेल्या हेडरवर, स्विच ‘बंद’वर, धावपट्टीच्या डोक्यावर. हेडरच्या वेळेच्या निम्म्यात उतरायचं. नंतर उंचीवर, धावपट्टीच्या आवाक्यात, हाताने चालू करून हेडर चढतो का बघायचं. ऑटो सगळ्यात शेवटी. अमेरिकेत सुरुवातीच्या चाचणीचा काळ बहुधा २५ किंवा ४० तासांचा असतो, या कामाला तेवढा वेळ भरपूर आहे.

भारतात असं विमान बांधता येतं का?

वाट अरुंद आहे, बंद नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. त्यामागे वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, निम्म्याहून जास्त बांधकाम हौशी माणसाने स्वतः शिकण्या-करमणुकीसाठी केलेलं असलं की प्रयोगशील वर्गात प्रमाणपत्र मिळतं.

दुसऱ्याने बांधलेलं विमान विकत घेतो आहे. आधी काय बघू?

इंधन आणि वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा मागा. नसेल तर किंमत ठरवण्याआधी बांधणाऱ्याबरोबर बसून तो काढा. प्रत्येक नळीवर बोट ठेवत टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जा, मूळ आराखड्यापेक्षा काय बदललं आणि का, ते विचारा. पट्टे बांधून सीटवर बसा आणि प्रत्येक खटक्याला, स्विचला न वळता हात पोहोचतो का पाहा. मग सगळं इंधन काढून टाका. एकेक लिटर मोजून भरत काटा कुठे थांबतो, दिवा कुठे विझतो ते लिहा, आणि हे विमान सपाट उभं असताना एकदा व नाक वर असताना एकदा करा. विकणारा याला कंटाळला तर पुढच्या विमानाकडे वळा.